डेन्मार्क, इटली आणि आमचे दादा

माझ्या बायकोच्या चुलतभावाने युरोप जितका मनावर घेतलाय, तितका युरोपातल्या माणसांनीही घेतला नसेल. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. नोकरीपायी ते आधी डेन्मार्कला राहिले, मग इटलीला, आणि शेवटी इकडे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीत आले. सामान कंपनीने पोचवलं. दोन्ही देश मात्र दादांनी स्वतः डोक्यात घालून आणले. लेक ईशाची पहिली काही वर्षं तिकडेच गेली, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत हे दादांना कुणी शिकवायची सोय राहिली नाही. त्यांच्या मते डेन्मार्कमध्ये मुलांना लवकर मोकळं सोडतात आणि इटलीत कधीच सोडत नाहीत, आणि त्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच पटलेल्या. म्हणून ईशाला पावसाचिखलात खुशाल खेळायला पाठवायचे आणि केस ओले राहिले की घर डोक्यावर घ्यायचे. भर मे महिन्यात ती पोर इथे स्कूलबसची वाट बघत उभी असायची, तेव्हा पायात गमबूट डेन्मार्कचे असत आणि गळ्यात मफलर इटलीचा.

सोयीनुसार देश बदलण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आम्ही त्यांच्याकडे जायचं म्हटलं की डेन्मार्क लागू: आधी फोन करा, वेळ ठरवा, ठरल्या वेळी निघा. ते आमच्याकडे यायचे तेव्हा इटली: रविवारी, न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी, आणि संध्याकाळपर्यंत पानावरून हलायचं नाही. इटलीत जेवण संपलं म्हणून कुणी उठत नाही, असं सांगत ते आणखी एक पोळी वाढून घेत.

कळस झाला आमच्या मुलाच्या बारशाला. जानेवारीचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, पाळणा सजलेला, आणि बाळच सापडेना. बायको रडकुंडीला आली तेव्हा दादांनी शांतपणे सांगितलं की आत गोंगाट फार, म्हणून त्याला दुलईत गुंडाळून, बाबागाडीत घालून बाहेर घरामागच्या लाकडी डेकवर झोपवलंय. डेन्मार्कमध्ये सगळी बाळं थंडीत बाहेरच झोपतात. तोवर शेजारच्या बाईंनी पोलिसांना फोन केला होता. आलेल्या पोलिसाला दादांनी दारातच डेन्मार्क समजावला, आणि माझ्या आईने पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाळ मात्र गाढ झोपलं होतं, हे कबूल करायला हवं.

यंदा ईशाला दोन कॉलेजं मिळाली. एक घरून जाऊन-येऊन करता येईल असं, आणि दुसरं थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला. तिचा जीव दुसऱ्यात अडकलेला, पण बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. त्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, अर्थात वेळ ठरवून. दादा कॉलेज सोडून बाकी सगळ्यावर बोलत होते. शेवटी ईशानेच विचारलं, "बाबा, डेन्मार्क काय म्हणतं?"

"जा म्हणतं."

"अँड इटली?"

दादा ताटातली भाजी चिवडत बसले.

"ओके. मग नागपूर काय म्हणतं?"

नागपूर म्हणजे दादांचं स्वतःचं घर. इतक्या वर्षांत त्या घराबद्दल आम्ही त्यांच्या तोंडून अवाक्षर ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "मी शिकायला पुण्याला निघालो, तेव्हा माझे बाबा स्टेशनवर आले नाहीत. बरं नाही म्हणाले. चांगले ठणठणीत होते." मग ईशाकडे न बघताच म्हणाले, "तू जा. मी सोडायला येतो. आपण ड्राइव्ह करत जाऊ."

"बाबा, कॅलिफोर्निया आहे ते. फ्लाइट असते ना."

"विमान फार लवकर पोचतं गं," दादा म्हणाले.

ईशाने फोनवर रस्त्याचा नकाशा उघडला.