वांग्याच्या लावणीचा दिवस

माघातल्या कोवळ्या उन्हात आजोबांच्या डायऱ्या उघडल्या, की आधी डांबरगोळ्यांचा आणि मग कुठूनसा ओल्या सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास येतो. दुसरा बहुधा आत्याच्या नाचणगावच्या अंगणातूनच येत असावा, पण मला तो डायरीच्या पानांचाच वाटतो आणि ही समजूत मी बदलणार नाही. आजोबा भाजीपाला पिकवत आणि रोज पानभर लिहीत: वारा, विहिरीचं पाणी, कोबीवरची अळी. ते गेल्यावर त्यांच्या या लेकीनं, माझ्या आत्यानं, साऱ्या डायऱ्या टाइप करून काढल्या. टायपिंगच्या वर्गात अंगी मुरलेली तिची शिस्त एकच, पानाला पान आणि ओळीला ओळ.

यातलं संगणकावर काय जतन करायचं, हे मला ठरवायचं होतं. आजोबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आत्याचे कागद स्वच्छ, यंत्रालाही वाचता येतील असे. तेवढेच स्कॅन करावेत, असा माझा आळशी बेत होता. तरी कुतूहल स्वस्थ बसू देईना, म्हणून आत्याच्या जन्मदिवसाचं पान दोन्हींकडे काढलं. टाइप केलेल्या कागदावर शेवटी होतं, ‘आज कन्यारत्न प्राप्त झाले. फार आनंद झाला.’ डायरीत ती ओळ कुठेच नव्हती.

शेजारी सांभाराच्या जुड्या बांधत बसलेल्या आत्याला मी विचारलं.

“बाबा लिहाले भुलले असतीन,” ती मान वर न करता म्हणाली, “म्हणून मीच लिहून देलं. पान भरलं होतं, तं खालची एक ओळ काढून टाकली. वांग्याचीच होती ते.”

बापाच्या वहीत लेकीनं आपल्यासाठी एका ओळीची जागा करून घेतली होती. मग डायरीतल्या शेवटच्या ओळीवर भिंग धरून मी मोठ्यानं वाचलं, ‘वांग्याची लावणी दुपारून बंद. रोपे ओल्या पोत्यात ठेवली. घरीच होतो.’ सख्ख्या भावाच्या लग्नादिवशीही ज्यांनी लावणी थांबवली नव्हती, त्यांची ही ओळ.

आत्याचे हात थांबले. “परत वाच.”

मी परत वाचलं.

“माह्याच हातानं काढली मी ते,” ती म्हणाली, आणि हातातली जुडी खाली ठेवून, “दोन्ही पानं जवळजवळ ठेवजो. माही ओळ बी राहू दे.”

तसंच करायचं ठरलं आहे. आता मात्र डायऱ्या पहिल्या पानापासून वाचायला हव्यात. पाऊसपाणी आणि वांगी यांखेरीज त्यांत काही नाही, असं आम्ही घरातले सगळे आजवर ठामपणे सांगत आलो होतो.