शेवटची रांग

काळाचौकीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी नाटकमंडळी रविवारी दुपारी प्रयोग करते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. नाटकाची फारशी आवड नव्हती, पण घरी एकट्याला बसवत नव्हतं म्हणून गेलो. प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पडद्याआड नारळ फुटला आणि दिग्दर्शक बाहेर येऊन म्हणाला, "सगळे पुढे या ना, प्लीज."

सगळे उठले. शेवटच्या रांगेतले, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले एक आजोबा मात्र कानामागे तळहात धरून बसूनच राहिले. मी खुणेनं म्हटलं, चला.

"नको ओ. आपण पुढे गेलो की पोरं हळू बोलतात. मागे कोणी असलं तर त्याच्यापर्यंत आवाज पोचवतात. घरात माझ्यासाठी कोण एवढा घसा ताणतंय?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. मग दर प्रयोगाला आम्ही दोघं मागेच असायचो. नाव विचारायचं राहून गेलं.

गेल्या रविवारी ते आले नाहीत. दिग्दर्शकानं हात हलवून मला पुढे बोलावलं. मी हललो नाही. नायक माझ्याकडे बघत, घसा ताणून बोलत राहिला. त्या आठवड्यात माझ्याशी कोणी बोललं, ते तेवढंच.