जळगाव-धुळ्याचा मुराळी

अख्ख्या खानदेशात पुढच्या वर्षात राहणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. एखादी गोष्ट होणार असं नुसतं कानावर आलं, की यांच्या लेखी ती होऊन चुकलेली असते. जळगावात त्यांच्या घराजवळच्या चौकात सिग्नल बसणार असं कोणीतरी म्हणालं, तर दुसऱ्या दिवसापासून हे भरचौकात स्कूटर थांबवून उभे. मागचे रिक्षावाले काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे मात्र शांतपणे मागे वळून सांगत, "लाल शे ना!" सिग्नल अजून बसलेला नाही आणि यांचं थांबणंही सुटलेलं नाही. कुणाकडे लग्नाची नुसती बोलणी सुरू झाली की हे आहेर देऊन मोकळे. त्यातलं एक लग्न मोडलं, तेव्हा शाल परत आणून मला पांघरली. बरी आहे, थंडीत वापरतो.

अशा माणसाच्या कानावर जळगाव आणि धुळे मिळून एकच महानगर करण्याचा प्रस्ताव आला, मग काय विचारता! मधे एरंडोल आणि पारोळा पडतात, त्यांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते बागेसाठी ठेवू. इकडे धुळ्यात आमच्या गल्लीत दोन तट पडले होते. दुकानदार म्हणत, बाजार वाढेल. समोरचे आबा म्हणत, आधी नळाला पाणी कोणाकडे येणार ते सांगा, आणि नाव कोणाचं पुढे लागणार तेही. त्यांना पटवायला हे एसटीने धुळ्याला आले, वाटेत कंडक्टरला शहरातल्या शहरात जायचंय म्हणून सांगत. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जळगावात नागरिकांची सभा होती. तिथे प्रस्तावाच्या बाजूने पहिलं भाषण आपलंच, असंही जाहीर करून गेले.

आणि मधेच आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझ्या बायकोच्या डोक्यात आता काळा केस शोधावा लागतो, तरी लग्नापासून हा मुराळी कधी चुकला नव्हता. केळ्यांची फणी घेऊन दारात उभा राहायचा, आणि ही मला डब्यांच्या जागा सांगून पोरीसारखी निघायची. यंदाही पिशवी भरून ती सकाळपासून ओट्यावर बसली. मुराळी आलाच नाही. आला तो फोन. गाव एकच झालंय, गावातल्या गावात कसला मुराळी, सरळ निघून ये, म्हणाले. मला असा संताप आला! ती मात्र आवाज न चढवता म्हणाली, "भाऊ, एकच गाव व्हयनं, मंग तू माले लेवाले कसाले येशी? मना माहेरच गया ना."

न्यायला कशाला येशील, माझं माहेरच गेलं, एवढं सांगून तिने फोन ठेवला आणि पिशवीतली लुगडी एकेक करून कपाटात लावली. मला बघवेना.

दुपारी, डांबर वितळेल अशा उन्हात, हे दारात उभे. हातात केळी नाहीत, टोपी नाही, डोळे लाल. तिने पिशवी पुन्हा भरली.

सभेला मीही गेलो होतो. हे उठले तशा टाळ्या पडल्या, कारण यांचं मत अख्ख्या जळगावला पाठ होतं. यांनी घसा खाकरला. "मना विरोध शे," म्हणाले. "मनी बहीन परगावले राहू द्या." सभा पोट धरून हसली. हे खाली बसले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले.

प्रस्तावाचं घोंगडं अजून भिजतंय. यांचे गुडघे आता दुखतात, एसटीची पायरी चढताना दांडा धरून जरा थांबावं लागतं. परवा मी भीतभीतच विचारलं, पुढच्या आखाजीला जमेल ना यायला? क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "उनू ना मी!" म्हणजे, आलोच की मी. सिग्नल नाही बसला, लग्न मोडलं, शहर एक होतं की नाही देव जाणे. एवढं एक तरी त्यांचं खरं होऊ दे.