शेजारच्या तीन डब्यांची साक्ष

गावामागं बंद पडलेल्या खाणीचा मातीचा ढिगारा आहे. तो सरकायला लागला तर आधी कळावं म्हणून मी त्यात बिनतारी सेन्सरच्या चार डब्या रोवल्या. बालाघाटच्या कॉलेजात मी हेच शिकवते. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी आमचं घर, घरात एकटे बाबा. मग आणखी कोणासाठी करणार होते मी? बॅटऱ्या बदलायचं काम बाबांनी हौसेनं घेतलं होतं.

पहिल्याच महिन्यात कोणा नतद्रष्टानं या डब्यांच्या बिनतारी जाळ्यात खोटी डबी घुसवली. इशाऱ्याचा भोंगा वाजला, अख्खं गाव तिरोडीच्या सडकेपर्यंत पळालं, ढिगारा मात्र जागच्या जागी. लोकांनी बाबांची इतकी टर उडवली की माझं डोकंच फिरलं. मी नियम लिहिला: जी डबी शेजारच्या तिघींशी जुळणार नाही ती खोटी, तिचं ऐकायचं नाही. फार शहाणी ना मी!

या पावसाळ्यात एका सकाळी बाबांचा फोन आला.

"बाई, वरतं भेग पडून राह्यली. तुह्या डब्या काय म्हन्तेत?"

मी स्क्रीन पाहिला. एकच डबी 'सरकतंय' म्हणत होती. नियमानं तिला बाजूला टाकलं होतं.

"काई नाई बाबा. एक डबी खोटी बोलून राह्यली. तुमी उगाच भेता."

"हौ? मंग ठीक हाय. तुले जास्त समजते."

माझ्या शब्दावर ते घरातच थांबले. दुपारी ढिगारा घरावर आला.

तिसऱ्या दिवशी त्या तीन डब्या सापडल्या. ढिगाऱ्यात नव्हत्याच. बाजूच्या पळसाला, खताच्या पिशवीत गुंडाळून, बाबांच्या दुपट्ट्यानं घट्ट बांधलेल्या.

"पान्यानं खराब होतीन म्हने पोरीच्या डब्या," शेजारची काकू रडत म्हणाली. "चौथी निंगालीच नाई त्याइच्यानं. लय खोल होती."

काढताना बटण बंद करायचं, बसवल्यावर चालू करायचं, हे मीच शिकवलं होतं. त्यांनी अगदी तसंच केलं, म्हणून डब्या हलवल्याचं मला कळलंच नाही. अहो बाबा, झाड कशाला सरकेल हो!

चौथीचे निरोप अजून माझ्या फाइलीत आहेत, दुपारपर्यंतचे. ते मी वाचत नाही. मला फोनच आठवतो. बाबा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगत होते, आणि भेग केवढी आहे, एवढंसुद्धा मी त्यांना विचारलं नाही.