मी मुंडनाला का बसलो नाही

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकं असायची. एका बाजूला हिंदी, मागे मराठी. बाबा बँकेत नोकरीला होते, पण त्यांचं खरं काम रविवारी सुरू व्हायचं. उज्जैनच्या टावर चौकात उभं राहून ते ताईत, नवस, विभूती आणि चमत्कारी तेलं यांच्याविरुद्ध पत्रकं वाटायचे. समोरचा "जय महाकाल" म्हणाला की ते हसून "नमस्कार" म्हणायचे आणि पत्रक पुढे करायचे. वाचता येण्याआधी मला कागदाची घडी घालता येत होती. पुढे मीही लिहायला लागलो. कॉलेजात असताना गोरं करणाऱ्या क्रीमवर लिहिलेलं माझं पत्रक मुलींच्या होस्टेलपर्यंत पोचलं होतं. "तुमच्या चेहऱ्यात खोट नाही, खोट त्यांच्या मालात आहे," असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

मग माझे केस विरळ व्हायला लागले.

कळलं ते एका फोटोमुळे. एका सभेत मी माइकवर तावातावाने बोलत होतो आणि मित्राने मागच्या उंच पायरीवरून फोटो काढला. वर ट्यूबलाइट होती. फोटोच्या मधोमध माझी मूठ नव्हती, माझी टाळू होती. मित्राने इथल्या माळवी थाटात लिहिलं होतं, "भिया, काय जबरा फोटो आहे!" मी तो कुणालाही पाठवला नाही. मित्रालाही काढून टाकायला सांगितलं. कारण म्हणून सांगितलं की आपली चळवळ व्यक्तिपूजा मानत नाही.

त्या दिवसापासून मी भांग बदलला, आरशासमोरचा वेळ वाढवला आणि टोपी घालायला लागलो. आई म्हणाली, "उन्हाळा सरला, आता कसली टोपी?" मी म्हणालो, "धूळ असते." मनात मात्र एक खटला चालू होता आणि दोन्ही बाजूंचा वकील मीच होतो. ज्याने दुसऱ्यांना सांगितलं की शरीराची लाज बाळगणं ही बाजाराने लावलेली सवय आहे, त्याने केसांसाठी औषध घ्यावं? आणि घेऊ नये, तर मग हे जे रोज सकाळी कंगव्यात येतंय ते एकेक करून मी मोजतो कशाला? विचार पक्के होते. बोटांना ते ऐकू येत नव्हते, इतकंच.

मी काय काय केलं ते सांगतो. देवास गेटच्या बसस्टँडसमोर केस उगवून देणाऱ्या एका तेलाचं दुकान आणि त्यावर त्याची भलीमोठी जाहिरात आहे. बाबांनी त्या तेलावर स्वतः पत्रक काढलं होतं. मी त्या दुकानासमोरून तीनचारदा गेलो. एकदा आतही शिरलो, काउंटरवर ओळखीचा माणूस दिसला म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. इंदूरला केस रोवून देणाऱ्या एका क्लिनिकला फोन केला. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलत होती की मी तिला खोटं नाव सांगितलं. सगळ्यात शेवटी, जे आधी करायला हवं होतं ते केलं. फ्रीगंजमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. आत गेल्यावरही टोपी डोक्यावरच होती.

"टोपी उतारेंगे कि मैं अंदाज़ से बताऊँ?" त्या म्हणाल्या.

टोपी काढली. त्यांनी भिंगातून बघितलं, घरात कुणाला टक्कल आहे का ते विचारलं. बाबांना नाही, पण काकांना आहे, आजोबांनाही होतं. त्या म्हणाल्या, हा आनुवंशिक प्रकार आहे. लवकर उपचार सुरू केले तर आहेत ते केस टिकण्याची शक्यता बरी असते. गेलेले सगळे परत येतीलच असं नाही. एक औषध टाळूला लावायचं, रोज, आणि लावणं थांबवलं की फायदाही थांबतो. गोळीसुद्धा असते, पण तिचे काही दुष्परिणाम असू शकतात, ते नीट समजून घेऊन मग ठरवा. घाई नाही. आणि काहीच करायचं नसेल तर तेही चालतं, हा जिवावर बेतणारा आजार नाही.

"शुरू में थोड़े ज़्यादा झड़ेंगे," त्यांनी बजावलं. "घबराना मत। और इतनी शर्म किस बात की? चश्मा लगता तो छुपाकर पहनते?"

मी गोळी नको म्हणालो आणि लावायचं औषध घेतलं. बाटली घरी आणून कपाटात जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्यामागे ठेवली. तेलाविरुद्धच्या पत्रकांचाच गठ्ठा होता तो. दार लावून, चोरासारखा, मी औषध लावायला लागलो. आणि बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. सुरुवातीला केस आणखी गळू लागले.

नेमके त्याच दिवसांत काका गेले.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. रेल्वेत होते, देवभोळे होते, बाबांच्या अगदी उलट. पण माझ्या प्रत्येक पत्रकाची पहिली प्रत त्यांना हवी असायची. वाचून झालं की म्हणायचे, "पटलं नाही, पण लिहिलंस छान." त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान. लहानपणापासून माझ्या मागे मागे असायचा.

आमच्याकडे, इथल्या माळव्याच्या पद्धतीने, दहाव्याला मुलाबरोबर पुतणेही डोकं भादरतात. बाबांनी आजोबांच्या वेळी नकार दिला होता. भर घाटावर. त्यानंतर कित्येक दिवस अर्ध्या नातेवाइकांनी आमच्याकडे येणं सोडलं होतं. त्यामुळे मला कुणी विचारलंही नाही. गृहीतच होतं की आमच्या घरचे बसणार नाहीत.

विचारलं ते चुलतभावाने. रडूनरडून त्याचा आवाज बसला होता. "दादा, तू बसशील का माझ्या बाजूला? मला माहितेय तू मानत नाहीस. मीपण किती मानतो, मला नाही माहीत. पण तिथे सगळे बघत असतात यार. मला एकट्याला नाही जमणार."

मी हो म्हणालो. क्षणाचाही विचार न करता म्हणालो, आणि आजही वाटतं, त्या सगळ्या दिवसांत मी केलेली तेवढीच एक चांगली गोष्ट होती. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "तुझं तू ठरव." त्यांना वाईट वाटलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी अडवलं नाही.

दहाव्याला सकाळी आम्ही राम घाटावर गेलो. शिप्रेच्या पायऱ्यांवर गुरुजी, नातेवाईक, पिंडांची मांडामांड. बाबा जरा लांब, वरच्या पायरीवर उभे होते, भावासाठी आलेले, विधीसाठी नव्हे. चुलतभाऊ बसला, त्याच्या शेजारी मी बसलो. दोघांना दोन न्हावी. मी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या न्हाव्याने ओंजळभर पाणी डोक्यावर ओतलं आणि बोटं फिरवली. ओल्या केसांत काहीच लपत नाही. तो हलक्या आवाजात, अगदी प्रेमाने हसला.

"बाऊजी, आपका तो आधा भगवान ने ही कर रक्खा है। दो मिनट का काम है।"

त्याने मुद्दाम दुखावलं नव्हतं. असे विनोद तो दिवसभर करत असणार, रडणाऱ्या माणसांना जरा हलकं वाटावं म्हणून. पण मला दिसलं ते एवढंच: आता हे सगळं निघेल, मग खुंट वाढतील, ते जिथे वाढतील तिथे वाढतील आणि जिथे नाही तिथे नाही. अख्ख्या नात्यागोत्यासमोर माझ्या डोक्याचा नकाशा उघडा पडेल. चुलतभावाच्या डोक्यावर वस्तरा लागला होता. त्याने डोळे मिटले होते.

मी उठलो. टोपी घातली आणि म्हणालो, "मला नाही जमणार."

बाकी काहीच बोललो नाही. बाकीचं लोकांनी बोलून टाकलं. एक आत्या म्हणाली, "शेवटी बापाचाच पोरगा." कुणीतरी म्हणालं, "इनके यहाँ उसूल का मामला है." एक लांबचा भाऊ खांद्यावर थाप मारून पुटपुटला, "मानलं यार तुला. माझ्यात नाही एवढी हिंमत." चुलतभावाने डोळे उघडून शेजारची रिकामी पायरी बघितली आणि पुन्हा मिटले.

वरच्या पायरीवर बाबा होते. त्यांचे डोळे भरून आले होते. भावासाठी भरले असतील, पण ते बघत माझ्याकडे होते.

आठवड्याभरात त्यांनी पत्रक लिहिलं. मरणानंतरच्या कर्मकांडावर, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होतं म्हणाले. बाबांनी आयुष्यात कधी पत्रकात घरचा माणूस आणला नव्हता. या वेळी आणला. शेवटच्या परिच्छेदात एक तरुण होता. तो सगळ्यांच्या नजरा झेलून, वस्तऱ्याखालून उठला होता, कारण त्याला आपल्या विवेकाशी खोटं बोलता येत नव्हतं. नाव नव्हतं, पण उज्जैनमधल्या आमच्या सगळ्या माणसांना कळलं असतं. "उद्या प्रेसला देतो," ते म्हणाले. "एकदा नजर टाक. काही जास्त झालं असेल तर सांग."

मी वाचलं. बाबा फार साधं लिहितात, आणि तो परिच्छेद त्यांनी आजवर लिहिलेला सर्वात चांगला परिच्छेद होता. माझे कान तापले. मला वाटलं, जाऊ दे. विचार तर खरे आहेत. तरुण खरा नसला तर काय बिघडलं? आणि हे मनात आल्याबरोबर मला त्या तेलाची जाहिरात आठवली. त्यातही एक तरुण आहे, दाट केसांचा.

मी कपाटातून बाटली आणली आणि पत्रकाच्या शेजारी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"केसांचं औषध आहे. मी लावतो. घाटावर मी काकांच्या पोरासाठी बसलो होतो आणि ह्या केसांसाठी उठलो. विवेकबिवेक काही नव्हता, बाबा. न्हावी माझ्या टकलावर बोलला, म्हणून उठलो."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. सगळी वाचली. "डॉक्टरने दिलंय?"

"हो."

"मग लपवलंस कशाला? मी भोंदूंविरुद्ध लिहितो, डॉक्टरांविरुद्ध कधी लिहिलं?"

त्यांनी पेन घेऊन शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. हात हळू चालत होता. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"त्या पोराला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मला आधी काय सांगतोस?"

मी लगेच निघालो. काकांच्या घरी चुलतभाऊ ओट्यावर बसला होता. त्याच्या डोक्यावर नवे खुंट आले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

"केसांसाठी?" तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, माझे बाबा तुला आवडतच नव्हते. इतके दिवस मी हाच विचार करतोय, की तुझं त्यांच्याशी ते सगळं वरवरचं होतं." त्याचा आवाज चढला. "उसूल असते तर मी समजलो असतो, दादा. खरंच. मी सगळ्यांना तेच सांगत होतो, की त्याचे उसूल आहेत, तत्त्वं आहेत, त्याला काही बोलू नका. आणि तू केसांसाठी मला तिथे एकट्याला सोडून गेलास?"

आतून काकूने विचारलं, "कोण आलंय रे?" तो म्हणाला, "कोणी नाही, दादा आहे." ते 'कोणी नाही' मी ऐकून घेतलं.

मग तो म्हणाला, "टोपी काढ."

मी काढली. तो ओट्यावर उभा राहिला आणि माझं डोकं वरून बघितलं. कुणीही इतक्या जवळून, इतक्या उजेडात, मी जागा असताना बघितलं नव्हतं. डॉक्टर आणि तो न्हावी सोडून. माझी मान आपोआप खाली गेली.

"माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. मग स्वतःच्या खुंटांवरून तळवा फिरवत: "माझेपण मागून कमी झालेत. मुंडन झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. बाप गेला आणि मला हे वाटलं. कुणाला सांगणार?"

मी त्याला डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. औषध, गोळी, तिचे दुष्परिणाम, काहीच न करण्याची मुभा, सुरुवातीला जास्त गळतं तेसुद्धा. जग बदलायला निघालेल्या माझ्याकडे त्याच्या कामाची एवढीच माहिती होती आणि ती मी गठ्ठ्यामागे दडवून ठेवली होती.

"मला घेऊन चल त्यांच्याकडे," तो म्हणाला. "माफ वगैरे केलं नाहीये मी. ते नंतर बघू."

आम्ही पायीच निघालो. ऊन कडक होतं आणि भादरलेल्या डोक्याला ते फार लागतं. दोन पावलांनंतर त्याने माझ्या हातातली टोपी घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. विचारलं नाही.

टावर चौकात पोह्यांच्या ठेल्यावर माझ्या सभेतले दोघेतिघे उभे होते. एकाने हात केला, मग त्याची नजर वर, माझ्या डोक्याकडे गेली आणि घाईघाईने खाली आली. माझा हात सवयीने वर गेला. तिथे टोपी नव्हती. मी तो हात तसाच पुढे नेऊन त्याला नमस्कार केला आणि चुलतभावाच्या मागे चालत राहिलो. लाज वाटत होतीच. पूर्ण फ्रीगंजभर वाटत होती. तो पुढे, माझ्या टोपीत, एकदाही मागे न बघता चालला होता आणि मी ती परत मागितली नाही.