आबांचा ट्रक आणि माझी अकरा कामांची यादी

रविवार, संक्रांतीच्या आधीचा. स्थळ: धरणगाव, घरामागचं पत्र्याचं शेड. हजर: मी, माझा नवरा सुरेश, सासरे आबा आणि आबांचा ट्रक. (ट्रक वयाने माझ्याहून मोठा. मानाने त्याचं नाव आधी यायला हवं होतं.)

ट्रक विलायती बनावटीचा, पेट्रोलवर चालणारा. आबांनी त्यातून तीस वर्षं कापूस वाहिला. इंजिनात ठिणगी पडावी म्हणून त्यात दोन इवलेसे पॉइंट असतात. ते अधूनमधून घासून त्यांच्यातली फट नेमकी लावावी लागते. आबांची बोटं आता थरथरतात, त्यामुळे फट चुकायची आणि ट्रक वर्षभर जागचा हलला नव्हता. सुरेशने सांगून टाकलं, या रविवारी सुरू झाला नाही तर सोमवारी भंगारवाला.  तेव्हापासून आबा जेवताना दुसरी भाकरी घेईनासे झाले.

म्हणून मी धुळ्याहून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं. ते बसवलं की पॉइंटही नकोत आणि फटही नको. दुकानदाराने विचारलं होतं, गाडीचं अर्थिंग कोणतं, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय?

"नेहमीचं," मी म्हणाले. (नेहमीचं नसलेलंही असतं, हे मला माहीत नव्हतं. पण शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढल्यावर 'माहीत नाही' म्हणायची सवय जाते.)

अकरा कामांची यादी केली. पहिलं काम, सुरेशने टॉर्च धरणे. दुसरं, आबांनी खुर्चीवर बसणे. तिसरं, बॅटरीच्या वायरींना टेप लावणे. एक वायर ट्रकच्या बॉडीला जोडलेली दिसली. बॉडीला जाते ती मायनस, हे तर कुणालाही कळतं. तिला काळी टेप लावली, दुसरीला लाल. बॅटरीवरची खूण पाहायला मी वाकलेसुद्धा नाही. आबा दोनदा खाकरले. मी त्यांना अदबीने सांगितलं की शंका नवव्या कामानंतर.

जुने पॉइंट काढून कचऱ्यात टाकले, इग्निशनचा नवा डबा बसवला, लाल वायर लाल टेपला, काळी काळीला. प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण केली आणि किल्ली फिरवली.

इंजिनाने हूं की चूं केलं नाही. नव्या डब्यातून मात्र बारीकसा धूर निघाला, प्लास्टिकची टोपली चुलीत पडावी तसा वास आला आणि माझी यादी संपली.

"आबा, शंका होती ना तुमची?" मी विचारलं.

"शंका नही व्हती. हाई गाडीनं प्लस बॉडीले शे. पहिल्यापासून." (म्हणजे माझ्या दोन्ही टेपा उलट्या लागल्या होत्या आणि डबा मीच जाळला होता.)

"मग सांगायचं ना!"

"माले कोणी इचारंच नही. मनं काम खुर्चीवर बसानं व्हतं."

सुरेशने टॉर्च बंद करून फोन हातात घेतला. भंगारवाल्याचा नंबर शोधतोय हे न सांगता कळत होतं. आबा मात्र उठले. अंगातल्या कोपरीच्या खिशातून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. मी कचऱ्यात टाकलेले पॉइंट, खुर्चीवर बसल्या बसल्या घासून लखलखीत केलेले! सोबत जुन्या पोस्टकार्डाचा एक तुकडा.

"हाऊ कागद सरकी तेवढी फट ठेव. बोटं तुनी, नजर मनी."

जळका डबा काढून मी पॉइंट परत बसवले. पहिल्यांदा कागद शिरलाच नाही. दुसऱ्यांदा गळून खाली पडला. चौथ्यांदा आबांनी मान हलवली आणि ते स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसले. इंजिन दोनदा खोकलं, मग धडधडू लागलं. ट्रक शेडबाहेर पडून पार रस्त्यापर्यंत गेला आणि सुरेशने फोन खिशात ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी आबा मला शेडमध्ये बोलावतात. मी फट लावते. ते डोळे बारीक करून पाहतात, "जरा जास्त शे" म्हणतात आणि पुन्हा करायला लावतात. ट्रक तर उत्तम चालतो. पण 'पॉइंट लावायला शिकणे' या कामापुढे बरोबरची खूण करायची परवानगी मला अजून मिळालेली नाही, आणि या वेळी मी विचारलं आहे.