तयार बैलाचा चारा

मोठ्याचं मांस घेताना तुम्ही भाव विचारता. पण ते जनावर मरण्याआधी काय खात होतं आणि त्या खाण्याचा भार कुणी सोसला, हे कधी विचारलंय?

मीही विचारलं नव्हतं. टाळेबंदीच्या दुसऱ्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठातली आमची प्रयोगशाळा बंद होती. एका शनिवारी सायकल काढली. तासभर समोरचा वारा खाल्ल्यावर एका फाटकावर पाटी दिसली: बैलाचं मांस, थेट गोठ्यातून.

हेन्क नावाच्या साठीतल्या शेतकऱ्यानं कॉफीचा कप कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकला. तेव्हाचा पाहुणचार असाच होता.

गोठ्यात डावीकडे निळसर-पांढरे, फुगीर मांड्यांचे बेल्जियन बैल होते. उजवीकडे सहा ठेंगणे, तांबडे-पांढरे, इथल्या जुन्या जातीचे.

"निळ्यांना महागडं खाद्य लागतं," हेन्क म्हणाला, "पण खातात त्याचं मांस करतात. कत्तलखान्याची पाळी लांबली तरी निभतं. तांबडे गवतावर स्वस्तात वाढतात. पण एकदा भरले, की पुढचा घास चरबीत जातो. व्यापारी चरबीचे पैसे देत नाही."

"मग हे तांबडे कोण घ्यायचं?"

"एक रेस्टॉरंट. ते बंद आहे."

एका बैलाच्या शेपटीच्या मुळाशी त्यानं बोटं दाबली. "हा केव्हाच कापायला तयार झालाय. तरी रोज खातोच. उन्हाळ्यापर्यंत हे सहा गेले नाहीत, तर तांबड्या गायीही विकीन. आजोबांपासूनची जात आहे."

मीही तिथे बोटं दाबली. मऊ लागलं, आणि मला लातूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. आई दोरीवर चान्या (मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या) घालायची, चरबी वितळवून डब्यात भरायची. शेजारी बाबा सभेच्या पत्रकांच्या घड्या घालायचे आणि माझे तेलकट हात लागले की रागवायचे. पुढे गोवंश हत्याबंदीचा कायदा आला, आमचं जेवण गुन्हा ठरलं, दोरी रिकामी झाली. त्याविरुद्ध मी कितीतरी पत्रकं लिहिली. एकाही पत्रकात तो वास उतरला नाही.

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

"तुझं तोंड रोजच बघते, बैल दाखव," ती म्हणाली. मग बराच वेळ पाहत राहिली. "गवतावरचा हाय. चरबी पिवळी निघंल. फेकू नको म्हणावं त्याला."

मी हेन्कला सांगितलं. "तुझ्या आईला पाठव इकडे," तो म्हणाला. "माझ्या व्यापाऱ्याला काढून तिलाच ठेवतो."

त्याच्या फ्रीझरमधलं दोन किलो मांस घेतलं. चरबी त्यानं तशीच दिली. खोलीवर ती वितळवताना धुराचा भोंगा वाजला आणि शेजारीण चप्पल न घालताच बाहेर धावली. तिची माफी मागितली, खिडकीपाशी दोरी बांधली, पट्ट्या टांगल्या. मग बाबांसारखं एका पानाचं पत्रक काढलं, त्या सहा बैलांबद्दल लिहिलं आणि ओळखीच्या प्रत्येक दारात टाकलं.

सहांपैकी चार गेले. दोन अजून खात आहेत, उन्हाळा जवळ आलाय. फेल्डहोवन आणि बेस्ट या इथल्या गावांतल्या मित्रांनो, तुमच्यातले जे खातात त्यांनी चौघाचौघांत मिळून वाटा मागवा. आणि मागताना सांगा, चरबी काढू नका.